माफी फक्त पडलेल्या विनोदांची

इंदू,

तेराव्यानंतरच्या रविवारी इथल्या मराठी मंडळाने तुझ्यासाठी शोकसभा घेतली. कार्यवाह परचुरे उभे राहिले, त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "इंदुमतीबाई सोज्वळ, मितभाषी आणि कुटुंबवत्सल होत्या." मितभाषी हा शब्द कानावर पडला आणि मला हसू फुटलं. दाबता आलं असतं, मी दाबलं नाही. बायका वळून बघायला लागल्या. मला हुंदका आला असं समजून शेजारणीने पाठीवरून हात फिरवला. तुझे वसंतराव तेवढे समोरच्या भिंतीकडे बघत बसले होते.

परचुऱ्यांनी तुझं सासर सांगितलं, माहेर सांगितलं, शिक्षण सांगितलं, शाळेत किती वर्षं नोकरी केलीस तेही सांगितलं. ती नोकरी कशी सुटली ते सांगितलं नाही. सगळी माहिती बरोबर होती, पण त्यातून जी बाई उभी राहिली तिला मी ओळखत नाही. त्या बाईसाठी मी दोन मिनिटं उभी राहिले आणि घरी आले. आता हे तुझ्यासाठी.

आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हा मला जयपुरात येऊन वर्ष झालं होतं. यांची बदली झाली म्हणून अमरावती सुटली. बनी पार्कमध्ये दोन खोल्या मिळाल्या आणि दिवसभर मराठीत बोलायला कुणी नाही म्हणून मी घरात एकटीच आवाज काढत बसायची. भाजीवाल्याचा, टांगेवाल्याचा, सासूबाईंचा. हे ऑफिसातून आले की दाराशी थबकून विचारायचे, "आत कोण आलंय?"

त्या संक्रांतीला मंडळाच्या बायकांचं हळदीकुंकू होतं. आम्ही पंधरावीस जणी बसलो होतो आणि दारातून आवाज आला, "आलो हं मी." सगळ्यांनी पदर सावरले. कुणी पुरुष आला असं वाटलं. आत आलीस तू, पायात कॅनव्हासचे बूट, पातळ चापूनचोपून नेसलेलं, शाळेत मुलींची कवायत घेऊन तशीच आलेली. पुण्याच्या एका बाईंनी हसून दुरुस्ती केली, "अहो, आलो काय, आले म्हणा."

"आमच्या कोल्हापुराकडं बायकाबी आलोच म्हणत्यात," तू म्हणालीस. "आल्याशी मतलब. कोण कसं येतंय ते बघायचंय का?"

आणि दारापाशी परत जाऊन तू बायका कशा येतात ते दाखवायला लागलीस. पुण्याची बाई आधी चपलांची जागा बघते. नागपूरची बाई आत येण्याआधीच बोलायला सुरुवात करते. इथली घुंघटातली सून येते तेव्हा कुणीतरी आलं एवढंच कळतं, कोण आलं ते कळत नाही. तू तोंडातून शब्द काढत नव्हतीस, नुसतं अंग. कोपऱ्यातून मी आवाज द्यायला लागले. नागपूरच्या बाईला माझा आवाज बसला तेव्हा तू मध्येच थांबून माझ्याकडे पाहिलंस. ठरवलेलं काही नव्हतं. वाण घ्यायला आलेल्या बायका तासभर पोट धरून हसल्या आणि तिळगूळ वाटायचा राहून गेला.

त्यानंतर शनिवार सुरू झाले. शनिवारी तुझी शाळा अर्धी. थंडीत माझ्या गच्चीवर मटार सोलत, उन्हाळ्यात तुझ्या मधल्या खोलीत वाळ्याची ताटी भिजवून. विषय तीनच. कुस्ती, राजकारण, आणि गेल्या खेपेला आपला अमुक विनोद का पडला. दोन बायका एवढा वेळ काय बोलतात म्हणून यांनी एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, "आज ढाक डावावर बोललो." यांना वाटलं मी ढाक्याच्या मलमलीबद्दल बोलते आहे.

तुझे वडील वस्ताद. तालमीत बाईमाणसाला पाय ठेवायची बंदी, म्हणून तू भिंतीतल्या झरोक्यातून कुस्त्या बघितल्यास आणि घरी येऊन भावांवर डाव करून पाहिलेस. धाकटा भाऊ तुझ्याकडून चीत झाला म्हणून रडत वडिलांकडे गेला, तेव्हा वडील त्याला म्हणाले, "रडू नकोस, ती तुझ्याहून चांगली पडते. तिच्याकडनं पडायला शीक." हे तू मला कितीदा सांगितलंस. दर वेळी तुझे डोळे वेगळीकडेच असायचे.

आपलं भांडणही तिथूनच. तू म्हणायचीस, "हसवणं म्हणजे चीत करणं. समोरच्याची पाठ मातीला लागली पायजे, मगच हशा खरा."

मी म्हणायचे, "काहून ओ बाई? माणसं घरून कटकट करून येतात. त्यांना गुदगुल्या करायच्या, खूश करून घरी पाठवायचं. त्यांना पाडून काय मिळतं?"

"गुदगुल्या लेकरास्नी करायच्या. ही बाप्ये माणसं हायत, नले."

तेरा वर्षं आपण यावर भांडलो. निकाल लागला नाही आणि आता लागणारही नाही. पण तू गेलीस म्हणून मी तुझं म्हणणं मान्य करून टाकीन असं समजू नकोस. मला अजूनही वाटतं की माणूस हसला की थोडा बरा होतो. एवढंच की, तुझ्या एका गोष्टीने मला त्या भांडणात कायमचं लंगडं केलं.

आमच्याकडे भांडी घासायला एक बाई यायची. ती पाय ओढत चालायची आणि बोलताना अडखळायची. तिची नक्कल मी मंडळाच्या गणपतीत, बायकांच्या कार्यक्रमात केली आणि त्या वर्षी सगळ्यांत मोठा हशा मला मिळाला. दोनदा करून दाखवावी लागली. तू पहिल्या रांगेत बसली होतीस आणि हसली नाहीस. घरी जाताना मीच विचारलं, "आवडली नाही?"

"केलीस चांगली. आवाज तर हुबेहूब."

"मग?"

"जोड न्हवती." तू चालत राहिलीस. "आमच्या तालमीत खालच्या वजनाशी कुस्ती धरत न्हाईत. जिंकलं तरी लोक थुकतात."

मला एवढा राग आला की मी दोन शनिवार दार उघडलं नाही. तिसऱ्या शनिवारी भांडी घासायला ती बाई आली, आणि तिने अडखळत मला विचारलं की गणपतीत बायका कशाला एवढ्या हसत होत्या, तिला बाहेर प्रसादाची भांडी घासताना ऐकू येत होतं. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. दुपारी तुझ्याकडे आले. तू माझ्यापुढे गवारीची परात सरकवलीस. मी म्हटलं, "असं वजन बघत बसलं तर आपल्यासारख्या बायकांनी हसायचं तरी कुणाला?"

"वरच्या सगळ्यांना," तू म्हणालीस. "कमी हायत का?"

मग चौमू गावचं दंगल, म्हणजे कुस्त्यांचं मैदान. भाजीच्या कागदावर तू त्याची जाहिरात वाचलीस आणि हट्टच धरलास. वसंतराव म्हणाले की त्यांना कुस्तीतलं कळत नाही, पण ते बसमध्ये आपल्यासोबत येतील आणि तिथे वर्तमानपत्र वाचत बसतील. ते खरंच वाचत बसले. मैदानाच्या तोंडाशी एका माणसाने आपल्याला अडवलं.

"बहनजी, यहाँ औरतों के लिए जगह नहीं है."

"हम औरतों के लिए नहीं आए," तू म्हणालीस, "कुश्ती के लिए आए हैं."

तो बाजूला झाला. हजारभर पुरुषांत आपण दोघी, आणि आपल्या भोवती चार हात मोकळी जागा, जणू आपल्याला देवी निघाल्या आहेत. शेवटची मोठी कुस्ती लागली. लोक ओरडत होते, पागोटी उडवत होते. पंधराएक मिनिटं झाली आणि तू मोठ्याने म्हणालीस, "नुरा हाय ही."

मी विचारलं, "म्हणजे?"

"ठरवून चाललीय. हात बघ त्याचा. धोबीपछाड मारायचा तर पकड मनगटाशी घट्ट पायजे, हा बोटांनी धरतोय. दोघं एकमेकांना पडू देणार न्हाईत, बरोबरीत सोडवतील आणि बक्षीस वाटून घेतील."

शेजारी पांढऱ्या मिशांचे एक म्हातारे उस्ताद बसले होते. मराठी त्यांना कळली नसेल, पण 'नुरा' कळलं. त्यांनी तुझ्याकडे पाहिलं, मग मैदानाकडे, आणि पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवल्यावर हळूच विचारलं, "किसकी बेटी हो?" तू वडिलांचं नाव सांगितलंस. त्यांनी ते ऐकलेलंही नसणार. तरी ते उठले, अंगाखालची सतरंजी आपल्या दोघींना दिली आणि स्वतः मातीत बसले. परतीच्या बसमध्ये तू खिडकीशी बसलीस. सीकर रोडवर धूळ उडत होती आणि तू पदराने डोळे पुसत होतीस, धुळीनेच असेल.

'कुस्ती' ही आपली नक्कल त्याच बसमध्ये सुरू झाली. निवडणूक जवळ आली होती. त्याच आठवड्यात मतदारयादी करायला माणूस आला होता आणि गल्लीतल्या बायका नाव सांगायला तयार नव्हत्या. लिहून घ्या, बंसीची आई. लिहून घ्या, मोठ्या घरची धाकटी सून. तू त्याच्या मागे घरोघर फिरलीस, प्रत्येकीला आत नेऊन कानात नाव विचारलंस आणि बाहेर येऊन त्याला लिहायला लावलंस. तो कंटाळून म्हणाला, "आपको इससे क्या मिलेगा?" तू म्हणालीस, "दंगल देखने का टिकट."

आपल्या नकलेत दोन उमेदवार होते. दिवसा एकमेकांना शिव्या देणारे, संध्याकाळी एका ताटात जेवणारे. दोघेही तू करायचीस, लंगोट कसल्यासारखा धोतराचा सोगा खोचून. आवाज माझे. शेवटी पंच घुंघटातल्या मतदारबाईला विचारतो, कोण जिंकलं ते सांग. बाई दोघांच्या पाठी निरखून बघते आणि म्हणते, "पीठ किसी की मैली नहीं हुई. मिट्टी सारी हमारी आँख में है." हे वाक्य माझं. तू सगळ्यांना सांगायचीस की ते नलूचं आहे, माझं नाही.

बायकांच्या कार्यक्रमात ते आपण पाच वेळा केलं. मग मंडळाच्या इमारतीसाठी सरकारकडून जागा मिळवायची होती, आणि त्या वर्षीच्या गणपतीला एका मंत्र्यांना बोलावलं. बायका-पुरुष एकत्र, मोठा मांडव. परचुऱ्यांनीच सुरुवातीला आपल्या दोघींचं नाव कार्यक्रमात घातलं होतं, हे मी त्यांच्या बाजूने सांगायला हवं. मग कुणीतरी त्यांना नक्कल काय आहे ते सांगितलं. ते आधी तुझ्याकडे आले. "राजकारण काढून टाका. आणि ते लंगोटाचं. बाईच्या जातीला शोभत नाही." तू म्हणालीस, "राजकारण काढलं तर कुस्ती उरते आणि कुस्ती काढली तर राजकारण. दोन्ही काढलं तर मी उरतो. मला बघून कोण हसंल?"

मग ते माझ्याकडे आले. मला त्यांनी काही काढायला सांगितलं नाही. चहा घेतला, मुलांची चौकशी केली आणि उठता उठता म्हणाले, "तुमच्या मिस्टरांचं बदलीचं वर्ष आहे ना हे? आसामात जागा रिकाम्या आहेत म्हणे." एवढंच.

कार्यक्रमाच्या दुपारी मी तुला निरोप पाठवला की माझा घसा बसला आहे.

इंदू, घसा बसला नव्हता.

मला हे कुणी करायला लावलं नाही. यांना मी विचारलं नाही. मीच घाबरले, मीच ठरवलं आणि मांडवात शेवटच्या रांगेत गळ्याला मफलर गुंडाळून बसले. तू एकटी स्टेजवर आलीस. दोन्ही उमेदवार, पंच आणि मतदारबाई, सगळं एकटीने केलंस. आवाज तुला कधीच नीट काढता येत नव्हते. तीन ठिकाणी तू चुकलीस आणि ते तीन विनोद सपशेल पडले, कारण त्यांचा जीव आवाजात होता, माझ्या आवाजात. मी मागे बसून ओठांतल्या ओठांत ते आवाज काढत होते. बाकीच्यांना मांडव गदगदून हसला. मंत्रीही हसले, मी बघितलं, रुमाल तोंडाला लावून हसले. त्यांच्या आजूबाजूचे आधी त्यांच्याकडे बघायचे आणि मग हसावं की नाही ते ठरवायचे. शेवटचं वाक्य आलं आणि तू म्हणालीस, "ये लाइन मेरी सहेली की है, उसका गला खराब है." मग वाक्य म्हटलंस.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू ज्येष्ठमधाच्या काड्या आणि हळदीचा काढा घेऊन आलीस. तीन दिवस आलीस. मी तीन दिवस तो काढा प्यायले.

मंत्र्यांनी काही केलं नाही. केलं ते दुसऱ्यांनी. तुझ्या शाळेच्या समितीतले एक गृहस्थ मांडवात होते. आठवड्याभरात मोठ्या बाईंनी तुला बोलावलं. शिक्षिकेने सार्वजनिक जागी पुरुषी अंगविक्षेप केले आणि मान्यवरांचा अवमान केला, तरी लेखी माफी द्यावी, म्हणजे विषय संपेल. मी तुला म्हटलं, "देऊन टाक. चार ओळींचा कागद, काय फरक पडतो?"

"चार ओळी लिहितो की," तू म्हणालीस.

हिंदीत लिहिलंस आणि मला मराठीत वाचून दाखवलंस. 'गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात मी एकूण अकरा विनोद केले. त्यांपैकी आठ विनोदांना सभागृह हसले, त्यात माननीय पाहुणेही होते. उरलेले तीन पडले. त्या तीन विनोदांबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. पुढच्या वेळी ते सुधारून सादर करीन.'

मी हसले नाही. मी म्हटलं, "इंदू, नोकरी जाईल."

"हसवल्याची माफी कशी मागायची गं? त्या लोकांनी हसायचं आणि माफी मी मागायची?" तू कागदाची घडी घातलीस. "पडलेल्याची मागतो. ती खरी चूक हाय."

नोकरी गेली. वसंतरावांनी तुला काही म्हटलं नाही, आणि मंडळात कुणी म्हणायला आलं तर ते वर्तमानपत्र उघडायचे. दोन वर्षांनी मंडळाला जागा मिळाली. अर्जावर त्याच मंत्र्यांनी सही केली. परचुरे भेटायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं म्हणे, "वो कुश्तीवाली बहनजी कैसी हैं?" ज्या भीतीने मी मफलर गुंडाळला, ज्या भीतीने तुझी शाळा सुटली, ती भीती ज्याची होती त्याच्या गावीही नव्हती. यावर मला अजून हसता येत नाही. तू मात्र पुढच्याच शनिवारी त्याची नक्कल केलीस, घाबरलेल्या माणसांच्या मधोमध बसून एकटा पोटभर हसणारा मंत्री.

शाळेतून निघाल्यावर तू घराच्या मागच्या अंगणात माती टाकून घेतलीस आणि गल्लीतल्या मुलींना पडायला शिकवायला सुरुवात केलीस. कुस्ती म्हणायचं नाही असं ठरलं होतं, व्यायाम म्हणायचं. पहिल्या महिन्यात तीन मुली, त्यांतल्या दोघींच्या आया दाराशी घुंघट घेऊन पहाऱ्याला बसायच्या. पावसाळ्यापर्यंत चौदा झाल्या आणि पहाऱ्यावरच्या दोन आया घुंघट मागे सारून मुलींना ओरडून सांगायला लागल्या, "कंधा पहले, कंधा." सोज्वळ म्हणे. तुझ्या कोपरांवर कायम खरचटलेलं असायचं.

या उन्हाळ्यात तू इस्पितळात पडलीस तेव्हा तुझं निम्मं अंग उरलं होतं. तरी सकाळची डॉक्टरांची फेरी झाली की तू त्यांची नक्कल करायचीस. उठता येत नव्हतं म्हणून चादरीवर नुसती दोन बोटं चालवायचीस. मोठे डॉक्टर कसे ताडताड चालतात, मागून शिकाऊ डॉक्टर कसे पळतात, आणि वाईट बातमी असली की तेच मोठे डॉक्टर कसे खाटेच्या पायथ्याशीच थांबतात. शेजारच्या खाटेवरची बाई टाके धरून हसायची आणि हात जोडायची, "बस करो बहनजी."

मी म्हटलं, "बघ, ही गुदगुली आहे. हिच्यात कुणी चीत झालं नाही."

"न्हाई कसं?" तू म्हणालीस. तुला दोन शब्दांमध्ये दम घ्यावा लागत होता. "ज्याला भ्यायचं... तो झाला की चीत. तासभर का हुईना."

मी त्यावर बोलणार होते. माझ्याकडे उत्तर होतं. आणि घशाचंही सांगणार होते, त्यासाठीच त्या दिवशी एकटी आले होते. पण तू विचारलंस, "पुरुषांसमोर कवा करणार तू?" मी म्हटलं, "तू बरी हो, मग दोघी करू." तू डोळे मिटलेस. नर्स आली, वेळ संपली. दोन दिवसांनी सकाळी वसंतराव आमच्या दाराशी आले. त्यांच्या हातात वर्तमानपत्र होतं आणि ते उघडलेलं नव्हतं.

सभेनंतर चार दिवसांनी परचुरे माझ्याकडे आले. यंदाच्या गणपतीत इंदुमतीबाईंच्या स्मरणार्थ मी एखादं भक्तिगीत म्हणावं, अशी त्यांची सूचना होती. मी म्हटलं, "मी कुस्ती करणार. उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी, सगळ्यांसमोर."

"दुःखाचं वर्ष आहे, नलिनीताई."

"म्हणूनच."

ते गेल्यावर मी यांना सगळं सांगितलं. मफलर, आसाम, काढा, सगळं. यांनी उठून दार लावलं. मग म्हणाले, "बदली झाली असती तर गेलो असतो. तेव्हाही हेच म्हटलं असतं. तू विचारलंच नाहीस." त्यांच्या आवाजात राग होता. लग्नाला वीस वर्षं झाली, हा राग मी पहिल्यांदा ऐकला, आणि तो माझ्या हक्काचा होता.

काल केली. आवाज माझे आहेतच, अंग तुझं आणायचं होतं. महिनाभर तुझ्या अंगणात त्या मुलींकडून पडायला शिकले. या वयात, हो. गुडघे सुजलेत. काल एकटीने दोन्ही उमेदवार केले, पंच केला, आणि मध्ये एक नवी बाई घातली. तिची मैत्रीण आखाड्यात उतरते तेव्हा ही बाहेर मफलर गुंडाळून बसते. लोक विचारतात, तू का नाही उतरलीस? ती म्हणते, घसा बसलाय. लोक म्हणतात, कुस्ती घशाने करतात का? बाई मफलर आणखी घट्ट करते.

तिथे हशा आला नाही. दोन पुरुष उठून गेले. परचुऱ्यांनी मान खाली घातली होती. त्यांना कळलं असावं. मी थांबले नाही. पुढचं सगळं केलं, पडले, उठले, आणि शेवटच्या वाक्याला मागच्या रांगांपासून हशा आला तो स्टेजपर्यंत येऊन आदळला.

कार्यक्रम संपल्यावर वसंतराव आले. तेरा वर्षांत ते माझ्याशी तेरा वाक्यं बोलले नसतील. म्हणाले, "आवाज छान झाले. इंदूला ते जमायचे नाहीत. मधला तो मफलरचा भाग तेवढा काढा. रेंगाळतो."

मी म्हटलं, "तो खरा आहे."

"ठाऊक आहे. तिलाही होतं. त्या रात्री घरी येऊन ती ज्येष्ठमध शोधायला लागली. मी म्हटलं, घसा खरंच दुखतोय का त्यांचा? ती म्हणाली, आज दुखत नसंल, उद्यापातूर दुखायला लागंल." त्यांनी माझ्या हातातल्या मफलरकडे बघितलं. "तिने त्यावर कधी विनोद केला नाही. म्हणून म्हणतो, काढा."

मी त्यांना नमस्कार केला आणि घरी आले. सकाळपासून हे लिहिते आहे.

मी तो भाग काढणार नाही, इंदू. रेंगाळतो ते खरं आहे. हशा आला नाही तेही खरं. दिवाळीच्या कार्यक्रमाला अजून वेळ आहे. तोवर मी तो सुधारीन.